एकशे त्रेपन्नची भागीदारी

१९८४च्या फेब्रुवारीत मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्या महिला संघांची कसोटी झाली. चार कसोटींच्या मालिकेतली ती शेवटची. आपल्याकडून सलामीला गार्गी बॅनर्जी आणि संध्या अग्रवाल उतरल्या आणि दोघींनी १५३ धावांची भागीदारी केली. संध्याने शतक ठोकलं, १३४ धावांचं. त्या वर्षाचं आम्हा औरंगाबादच्या मुलींना काहीही विचारा, आम्ही घडाघडा सांगू. आदल्या जूनमध्ये कपिलने लॉर्ड्सवर विश्वचषक उचलला होता, हिवाळ्यात लॉइडच्या वेस्ट इंडिजने इथे येऊन त्याचं उट्टं काढलं, डिसेंबरात मद्रासला गावसकरने तिसावं शतक झळकावलं आणि नाबाद २३६ काढले. गल्लीत कुणाकडे कोणता रेडिओ होता, हेही सांगू. त्या १५३ धावा मात्र आमच्यापैकी कुणालाच आठवत नाहीत. आठवायला आधी कानावर यावं लागतं.

आता पाहा. २०२१च्या जूनमध्ये इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या कसोटीत स्मृती मानधना आणि शफाली वर्मा यांनी १६७ची सलामी दिली. ती बातमी स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलेल्या मोबाइलवर कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये येऊन पोचली. सोबत एक ओळ होती: ३७ वर्षांपूर्वीचा, गार्गी आणि संध्याचा विक्रम मोडला. विक्रम मोडला तेव्हा कुठे कळलं की तो होता.

आमच्या पिढीला जुन्या क्रिकेटबद्दल बोलायला फार आवडतं आणि बोलताना गळा दाटून येतो. तो खरोखर दाटतो, त्यात नाटक नाही. पण आम्ही ज्याला जुनं क्रिकेट म्हणतो ते निम्मंच होतं. उरलेलं निम्मं आमच्याच काळात, आमच्याच राज्यात खेळलं जात होतं, आणि हळहळायचं तर त्याच्यासाठीही हळहळायला हवं.

आमच्या शहरात आकाशवाणी चौक आहे आणि टीव्ही सेंटरही आहे. आज ते रिक्षावाल्याला सांगायचे पत्ते झालेत. आम्ही त्या दोन पत्त्यांच्या मधल्या काळात वाढलो; रेडिओ घरोघर पोचलेला आणि टीव्ही नुकता येऊ घातलेला. कसोटीच्या आदल्या दिवशी ट्रान्झिस्टरचे सेल काढून गच्चीवर उन्हात ठेवायचे. नव्या सेलसाठी पैसे मागितले की आधी अभ्यासाची चौकशी व्हायची, म्हणून जुन्यांनाच ऊन दाखवायचं. उन्हाने जीव आलेले सेल चहापानापर्यंत तग धरत. मग आवाज बसायला लागे, आणि आवाज जसा खाली जाई तशी माणसं रेडिओच्या जवळ सरकत. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन सुरू झालं की आजीसुद्धा माजघरातून पुढे येऊन बसायची. तिला पायचीत म्हणजे काय ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण पंडितांचा आवाज चढला की ती हातातली वात वळायची थांबायची.

स्कोअर लिहायचं काम माझ्याकडे होतं. शंभर पानी वही, पट्टीने मारलेल्या उभ्या-आडव्या रेघा. निर्धाव चेंडूला टिंब, विकेटला फुली. सगळं षटक निर्धाव गेलं तर ती सहा टिंबं दोन रांगांत मांडलेली असत, ती जोडून त्यांचा इंग्रजी एम काढायचा. तो एम काढताना जो आनंद व्हायचा तो गोलंदाजाला तरी झाला असेल का, देव जाणे. वीज गेली, सेल संपले, कुणी पाहुणे आले की वहीत रिकामी जागा राहायची. मग दादाला पानटपरीवर पिटाळायचं. टपरीवर ‘किती झाले?’ एवढंच विचारायचं. कोणाचे, कुठे, हे कुणी विचारत नसे. अनोळखी माणूस सायकलवरून पाय टेकून सांगे, ‘दोनशे बाराला सहा, कपिल आहे अजून.’ तेवढ्यावर दोघांचं नातं जुळे आणि पुढच्या वळणावर संपे.

घरातल्या मॅचचा हिशेब मुलीच्या हातात होता. बॅट मात्र दादाच्या हातात होती.

आता प्रत्येकाच्या हातात स्कोअर आहे, चेंडूगणिक, वेगाच्या आकड्यासकट. तो कुणाला विचारावा लागत नाही. ३० ऑक्टोबर २०२५च्या रात्रीची गोष्ट घ्या. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर पुन्हा ऑस्ट्रेलिया. त्यांनी ३३८ केलेले. एवढा पाठलाग महिलांच्या एकदिवसीय सामन्यांत तोवर कुणालाच जमलेला नव्हता. आमच्या इमारतीत कुणाकडे डिश, कुणाकडे इंटरनेटवर चालणारा टीव्ही, कुणी मोबाइलवर. प्रत्येकाचं प्रक्षेपण काही सेकंदांनी मागे-पुढे. अमनजोत कौरने विजयी चौकार मारला तेव्हा आधी खालच्या मजल्यावर ओरडा झाला, मग समोरच्या इमारतीत, मग आमच्याकडे, आणि सगळ्यात शेवटी गच्चीवर मोबाइल घेऊन बसलेल्या पोरांमध्ये. आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून धावत येत होती आणि खालून फटाका वाजलासुद्धा. पूर्वी गल्लीत वीस रेडिओ असत, पण त्यातून आवाज एकाच क्षणी येई. अख्खी गल्ली एका दमात ओरडायची. तो एकत्र ओरडा गेला आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

पण त्या रात्री तो आनंद तुकड्यातुकड्यांनी का होईना, झाला. आणि तो मुलींच्या खेळाचा होता. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्स नाबाद १२७. शतक झालं तेव्हा तिने बॅट उंचावून आनंद साजरा केला नाही, कारण काम व्हायचं होतं. इमारतीतले पुरुष, ज्यांच्या तोंडी एरवी रोहित आणि विराटच असतात, ‘जेमी, आता सोडू नकोस’ असं पडद्याला सांगत होते. १९८४ साली आमच्या गल्लीतल्या एकाही पुरुषाला भारताच्या महिला कप्तानाचं नाव सांगता आलं नसतं. तो जुना एकत्र ओरडा मला प्रिय आहे, पण तो कुणासाठी होता हे विसरून त्याच्यावर प्रेम करता येत नाही.

वाड्याच्या चौकात आम्ही मुलीही खेळायचो. एक टप्पा आऊट, भिंतीला थेट लागला तर दोन धावा, शेजारच्यांच्या तुळशीवृंदावनात गेला तर बाद आणि वर बोलणी. रबरी चेंडू, धुणं बडवायच्या धोपटण्याची बॅट. स्टंप म्हणजे कोळशाने भिंतीवर ओढलेल्या तीन रेघा. लागला की नाही यावरून भांडण हमखास, म्हणून चेंडू ओला करून टाकायचा. भिंतीवर ओला ठिपका उमटला की पुरावा. आमच्यात एक मुलगी होती, तिचा चेंडू टप्पा पडून असा वळायचा की दादाचे मित्र मुद्दाम तिला बोलवायला येत. ती तेरा-चौदाची झाली आणि एके दिवशी चौकात आलीच नाही. कुणी तिला बंदी केली नव्हती, निदान मोठ्याने तरी. ओढणी आली, घरातली कामं आली आणि खेळ गेला. मग एकेक करून आम्ही सगळ्याच गेलो. मुलं आमखास मैदानावर जायला लागली, आम्ही खिडकीत बसून स्कोअर लिहायला लागलो.

आता आमच्या भागातल्या मुली पाठीवर स्वतःपेक्षा मोठी किट बॅग अडकवून वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून सरावाला जातात. पायांना पॅड, डोक्याला हेल्मेट, आणि नेटमध्ये मशीनमधून येणारा चेंडू. तेरा-चौदाच्या वयात खेळ संपत नाही, तिथे तो खऱ्या अर्थाने सुरू होतो. वडीलच विचारतात, ‘सर, हिचं फुटवर्क कसं आहे?’ हे ऐकलं की मला त्या फिरकी टाकणाऱ्या मुलीची आठवण येते आणि आनंदाबरोबर कुठेतरी टोचतंही. आणखी एक गोष्ट टोचते. जिच्या वडिलांकडे स्कूटर नाही, महिन्याची फी नाही, तिच्यासाठी आता वाड्याचा चौकही नाही. तिथे इमारत झाली, इमारतीखाली गाड्या लागल्या. चार मुली जमल्या म्हणून खेळ सुरू झाला, असं आता होत नाही. आधी नाव नोंदवावं लागतं.

त्या काळच्या महिला संघांच्या दौऱ्यांची गोष्ट तर वेगळीच होती. भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली १९७३ साली. त्याच वर्षी पुण्यात पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली तेव्हा संघ होते तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. कराडच्या प्रेमलाकाकी चव्हाण पुढे या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. शांता रंगास्वामी, डायना एडलजी यांनी त्या दिवसांबद्दल मुलाखतींतून बरंच सांगितलं आहे. सामन्यांना रेल्वेच्या साध्या डब्यातून जायचं, कधी आरक्षणाशिवाय. मुक्काम एखाद्या मोठ्या खोलीत, सगळ्यांची अंथरुणं जमिनीवर. संघात बॅटी मोजक्या, त्या आळीपाळीने वापरायच्या. बाहेरदेशी जायचं तर पैसे स्वतः उभे करायचे. आणि लोक येत नव्हते असंही नाही. १९७६च्या नोव्हेंबरात पाटण्याला शांताच्या संघाने वेस्ट इंडिजला हरवून भारतीय महिलांचा पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा तिथलं मैदान भरलेलं होतं. माणसं पाहायला तयार होती. त्यांच्यापर्यंत पोचवायला कुणी तयार नव्हतं.

वानखेडे आमच्यासाठी तेव्हा फार लांब होतं. औरंगाबादहून मीटरगेजच्या गाडीने मनमाडला जायचं, तिथे सामान उचलून पूल चढायचा आणि मुंबईची मोठी गाडी धरायची. मनमाडच्या फलाटावरच्या चहाची चव अजून जिभेवर आहे. गाडी चुकली तर रात्र त्याच फलाटावर काढायची, त्याची आठवण कुणी हौसेने काढत नाही. मुलीने कसोटी पाहायला त्या गाडीत बसावं, ही कल्पनाच घरात कुणी केली नसती. मुळात कसोटी आहे हेच माहीत नव्हतं. पेपर वाड्यात एकच येई आणि त्याचं क्रीडापान दादाच्या हातून सुटलं की माझ्या हाती लागे. त्यातून ब्लेडने चित्रं कापायची, गव्हाच्या पिठाची खळ शिजवून वहीत चिकटवायची. कपिल, सनी, विश्वनाथ, वेंगसरकर. पुण्याची लेगस्पिनर शुभांगी कुलकर्णी हिला १९८५ साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा तिच्याबद्दलचं एक लहान कात्रण त्यात गेलं. सगळ्या वहीत बाई एवढी एकच.

मग २०२३चा डिसेंबर आला. ऑस्ट्रेलियाच्या मुली कसोटी खेळायला पुन्हा वानखेडेवर. मधल्या ३९ वर्षांत या दोन संघांची कसोटी भारतात झालीच नव्हती. कप्तान हरमनप्रीत कौरचा जन्म १९८९चा, म्हणजे १९८४ची ती मालिका तिच्या जन्माच्याही आधीची. दोन संघांमध्ये तोवर दहा कसोटी झाल्या होत्या; चार त्यांनी जिंकल्या, सहा अनिर्णित राहिल्या, आपली एकही नाही. अकराव्या वेळी जमलं. २४ डिसेंबरला सांगलीच्या स्मृतीने शेवटपर्यंत उभं राहून ७५चं लक्ष्य गाठलं, आठ गडी राखून विजय. सामन्यानंतर ऑस्ट्रेलियाची कप्तान अ‍ॅलिसा हीली एका छायाचित्रकाराचा कॅमेरा घेऊन छायाचित्रकारांच्या घोळक्यात उभी राहिली आणि चषक घेतलेल्या भारतीय मुलींचा फोटो तिने स्वतः काढला. इतक्या वर्षांनी हरलेल्या कप्तानाने असं वागावं, याला मन मोठं लागतं. हा प्रसंग मी मोबाइलवर पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला. जुन्या काळी हे बघायला मिळालंच नसतं, फार तर चार ओळी छापून आल्या असत्या.

त्या कसोटीनंतर सहाच दिवसांनी, ३० डिसेंबरला, आमच्या शहरावरून जाणारी जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली. मनमाडला गाडी बदलायची पिढी तोवर साठीकडे झुकली होती. पुढे समृद्धी महामार्ग पुरा झाला, आणि २०२५च्या उपांत्य सामन्याला माझी भाची मैत्रिणींसोबत स्वतः गाडी चालवत नेरूळला गेली. ‘मावशी, तू पण चल ना,’ म्हणाली. गुडघ्यांनी परवानगी दिली नाही. परतल्यावर तिने सांगितलं की स्टेडियममध्ये बाजूला बसलेल्या बाईंशी ती एक शब्दही बोलली नव्हती, पण जेमिमाच्या शेवटच्या धावांना दोघी एकमेकींचे हात घट्ट धरून उभ्या होत्या. पानटपरीवरचं ते नातं संपलं असं मी समजत होते. ते स्टेडियममध्ये गेलंय.

पैशांचं तर बोलायलाच नको. २००५ साली भारताच्या मुली विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोचल्या तेव्हा त्यांना सामन्यामागे हजार रुपये मिळाले, असं मिताली राजने सांगितलं आहे. २००६ साली महिला क्रिकेट बीसीसीआयकडे आलं. २०२२च्या ऑक्टोबरात मुलींना मुलांइतकंच मानधन जाहीर झालं: कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. त्यानंतरच्या फेब्रुवारीत महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात स्मृतीवर ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. लिलाव हा शब्द मला माणसांसाठी आजही आवडत नाही. पण तीन कोटींची बोली न आवडणं हे हजार रुपयांत खेळलेल्यांच्या तोंडी शोभेल, माझ्या नाही. आणि सगळंच पुढे गेलं असंही म्हणू नये. २०१४च्या नोव्हेंबरपासून २०२१च्या जूनपर्यंत भारतीय मुलींच्या वाट्याला एकही कसोटी आली नव्हती. पैसा येत होता, प्रक्षेपण होत होतं, पांढरे कपडे मात्र पेटीतच होते.

२ नोव्हेंबर २०२५, कार्तिकी एकादशी, रविवार. अंतिम सामना पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला. आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी आणि वरीचे तांदूळ, समोर दक्षिण आफ्रिका. शफालीच्या ८७, दीप्ती शर्माच्या ५८ आणि वर पाच बळी. पलीकडून लॉरा वुलफार्टचं शतक, आणि ती खेळत होती तोवर कुणी जागचं हललं नाही. हे मात्र जसंच्या तसं राहिलंय. जो जिथे बसला असेल त्याने तिथेच बसायचं, चांगलं चाललंय तोवर पाणी प्यायलाही उठायचं नाही. जावई दाराशी उभे होते, त्यांना दाराशीच उभं ठेवलं. अमनजोतच्या हातून लॉराचा झेल निसटला, पुन्हा निसटला आणि अखेर बसला, तेव्हा कुठे त्यांना खुर्ची मिळाली. मध्यरात्रीच्या सुमारास ५२ धावांनी विजय. दिवाळीतले उरलेले फटाके वाजले.

चषक घेतल्यावर त्या मुली आधीच्या पिढीच्या मिताली आणि झूलन गोस्वामी यांच्याकडे गेल्या आणि तो त्यांच्या हातात दिला. झूलन रडत होती. खूप वेळ मी तेच पाहत बसले. झूलन-मितालीच्या मागे शांता, डायना, शुभांगी, संध्या, गार्गी ही आणखी एक रांग आहे, हे त्या रात्री जल्लोष करणाऱ्या किती जणींना ठाऊक असेल? डायनाला २०२३ साली आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला, तो मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. मान मिळाला याचं समाधान आहे. पण तिची डावखुरी फिरकी रेडिओवरून ऐकत वहीत टिंबं मांडायची संधी आमच्या वयाच्या मुलींना मिळायला हवी होती. आम्ही ती लिहिली असती, एकही चेंडू न चुकवता. आजच्या मुलींचा प्रत्येक चेंडू कुठेतरी साठवलेला आहे, हवा तेव्हा काढून पाहता येतो. तो वहीत उतरवायची गरज कुणाला उरलेली नाही. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी हव्या आहेत आणि त्या एका काळात कधीच नव्हत्या.

विश्वचषकानंतर आमच्या इमारतीच्या बैठकीत मी एक विषय मांडला. रविवारी सकाळी सात ते नऊ खालच्या गाड्या बाहेर रस्त्यावर लावाव्यात, जागा पोरांना मोकळी द्यावी, आणि त्यात मुली असायलाच हव्यात. गाड्यांवर ओरखडे येतील म्हणून थोडी कुरकुर झाली, पण विषय मंजूर झाला. आता पहिल्या मजल्यावरच्या दोघी, समोरच्या इमारतीतली एक आणि धुणीभांडी करायला येणाऱ्या ताईंची लेक, अशा चौघी नेमाने येतात, मुलं त्यांच्यामागून. ताईंच्या लेकीचा हात डावा आहे आणि नजर पक्की. प्लॅस्टिकचे स्टंप आलेत, त्यामुळे भिंतीवरचे ओले ठिपके पाहायची वेळ येत नाही. एक टप्पा आऊटचा नियम मी त्यांना शिकवला, तो त्यांना साफ नामंजूर आहे. ‘असं कुठे असतं का मावशी, टप्पा पडल्यावर कॅच?’ पहिल्या मजल्यावरच्या एकीने विचारलं. ताईंची लेक मात्र म्हणते, ठेवू या. तिची फिरकी टप्प्यावर चांगली उडते.